कॉफीतले लोणी

लोणी हा शब्द मराठी मनात कधी एकटा येत नाही. त्याच्यामागोमाग गोकुळ येते, डेरा आणि रवी येते, चुलीवरून नुकतीच उतरलेली भाकरी येते. आम्हां बेळगावकडच्या मंडळींच्या मनात आणखी एका पदार्थाची भर पडते. कानडीत लोण्याला ‘बेण्णे’ म्हणतात, आणि दावणगेरेच्या बेण्णे दोशाची कीर्ती आमच्या घराघरांत पोहोचलेली आहे. परंतु सकाळच्या कॉफीत लोणी घालून ती प्यावी, ही कल्पना मात्र कोणाही मराठी गृहिणीस विचित्रच वाटेल. अलीकडे शहरांतील काही तरुण मंडळी न्याहारीऐवजी अशी कॉफी घेतात. या प्रकाराचे मूळ जेथे सहज उलगडते, अशा एका ठिकाणी गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत चार दिवस राहण्याचा योग आला. त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आहे.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुशालनगर नावाचे गाव लागते. येथे कावेरी ही दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. नदीच्या पश्चिमेस कोडगू. सिल्व्हर ओकच्या उंच बुंध्यांवर चढलेले मिरवेल आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपे, असा हा प्रदेश. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे एक तृतीयांश कॉफी या एका जिल्ह्यात पिकते. मी गेलो तेव्हा फळे बहुतेक हिरवी होती. कोठे कोठे तांबूस छटा दिसू लागली होती. नदीच्या पूर्वेस, पाच-सहा किलोमीटरवर, बैलकुप्पे. तेथे मक्याची शेते आहेत, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पंचरंगी पताका आहेत आणि तांबड्या वस्त्रांतील भिक्षू आहेत. एका बाजूस कॉफीचा प्याला, दुसऱ्या बाजूस लोण्याच्या चहाची वाटी. मध्ये एक नदी.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित आले. तत्कालीन म्हैसूर राज्याने त्यांना येथे सुमारे ३००० एकर जमीन दिली आणि १९६१ मध्ये पहिली वसाहत उभी राहिली. जमीन म्हणजे जंगल होते. हिमालयापलीकडच्या थंडीत वाढलेल्या माणसांनी दक्षिणेच्या उन्हात झाडे तोडली, हत्तींपासून पिके राखली, आणि आजारपणात कितीतरी आप्त गमावले. पुढे १९६६ मध्ये आमच्या हुबळीपासून जवळच असलेल्या मुंडगोडलाही अशीच वसाहत झाली. बैलकुप्प्याच्या नामद्रोलिंग मठातील सुवर्णमंदिर पाहण्यास आज प्रवाशांची रीघ लागते. मूर्ती भव्य आहेत, भित्तिचित्रे नेत्रदीपक आहेत. पण त्यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. माझे पाय वळले ते मठाबाहेरील एका लहानशा उपाहारगृहाकडे.

उपाहारगृहाच्या मालकीणबाई पन्नाशी उलटलेल्या, जन्माने बैलकुप्प्याच्याच. त्यांची कानडी माझ्या कानडीहून अस्खलित होती. मी शिक्षक आहे हे कळताच त्या मला ‘मेष्ट्रे’ म्हणू लागल्या आणि मी त्यांना ‘अम्मा’. त्यांनी मला आत नेऊन चहाची सारी कृती दाखविली. विटेसारखा दाबून घट्ट केलेला चहा फोडून पुष्कळ वेळ उकळतात. तो काळाभोर अर्क गाळून लाकडी नळकांड्यात ओततात. त्यात लोणी, मीठ आणि थोडे दूध घालून लांब दांड्याने वरखाली घुसळतात. नळकांडे म्हणजे आपला डेराच, फक्त अरुंद आणि उंच. आपण ताकातून लोणी वेगळे काढण्यासाठी घुसळतो. ही मंडळी लोणी चहात मिसळून जावे म्हणून घुसळतात! घुसळल्याने स्निग्धांशाचे बारीक कण होऊन ते पाण्यात विखुरतात. नुसते लोणी टाकले, तर वर तेलाचा तवंग येतो.

वाटी पुढे आली. गोड चहाच्या अपेक्षेने घोट घ्यावा, तर जीभ गोंधळते. सूप म्हणून घ्यावा, तर तो चांगला लागतो. दोन घोट झाले की बाई पुन्हा वाटी भरीत. पाहुण्याची वाटी रिकामी राहू द्यायची नाही, हा त्यांचा शिष्टाचार. त्याच चहात भाजलेल्या जवाचे पीठ कालवून त्यांनी त्याचा गोळा माझ्या हातावर ठेवला. याला ते त्साम्पा म्हणतात. तो तोंडात घालताच मला ओळख पटली. जव म्हणजे आपला सातू! माझी आजी उन्हाळ्यात गूळ-दूध घालून सातूचे पीठ देत असे. चव वेगळी, पण वास तोच.

तिबेटच्या पठारावर या चहामागे रोकडे कारण होते. सुमारे ४००० मीटर उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून चहा फार वेळ शिजवावा लागतो. भाजीपाला दुर्मिळ, थंडी कडाक्याची. पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ९. तेथे लोणी हे अन्नही होते आणि देवापुढचा दिवाही. लोक त्याला याकचे लोणी म्हणतात. वस्तुतः याक हा नर, दूध देणारी ती द्री. बैलकुप्प्यात द्री नाही, थंडी नाही, उंचीही नाही. मग हा चहा कशासाठी?

मी अम्मांना तसे विचारले. त्या म्हणाल्या, “मेष्ट्रे, तिबेट मी पाहिलेला नाही. आईने हा चहा पाजला, म्हणून मी पिते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, ते केले. लोणीही निम्मे केले. लेक बंगळुरूला असते, तिला गोड चहाच आवडतो. पण लोसारला, आमच्या नववर्षाला, घरी आली की नळकांडे तीच घुसळते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडे, मी उतरलो होतो त्या मळ्यातील घरी, यजमानांच्या पुतण्याने मला लोण्याची कॉफी करून दिली. दूध-साखरेवाचून दाट कॉफी, त्यात चमचाभर बिनमिठाचे लोणी, आणि मिक्सरचे एक आवर्तन. वर सुरेख फेस आला. कॉफीचा कडवटपणा बोथट झाला, जिभेवर साय पसरल्यासारखे वाटले. यजमान दुरून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “सर, कॉफी चांगली असेल, तर तिला लोण्याची गरज काय?” आपल्या घरच्या लोण्याने हा प्रयोग करणाऱ्यांस एक सूचना: ते विरजणाचे असल्याने किंचित आंबट असते आणि कॉफीत ते जाणवते.

डेव्ह अ‍ॅस्प्री नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००४ साली तिबेटमध्ये लोण्याचा चहा चाखला, आणि पुढे चहाच्या जागी कॉफी घालून ही कृती जगभर प्रसिद्ध केली. पण कॉफीशी लोण्याचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. कॉफीची जन्मभूमी असलेल्या इथिओपियात ओरोमो लोक कॉफीची फळे लोण्यात परततात. सिंगापुरातील जुन्या उपाहारगृहांत काळ्या कॉफीवर लोण्याचा तुकडा तरंगत येतो. गुणाविषयी मात्र बेताने बोलावे. चमचाभर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, लोण्यात १०० कॅलरी असतात आणि त्यातील निम्म्याहून अधिक मेद संपृक्त असतो. दिवसभर पठारावर चालणाऱ्याला ते पचते. खुर्चीवर बसणाऱ्याने न्याहारीची भाकरी-उसळ सोडून याच्यामागे लागणे शहाणपणाचे नाही. चव म्हणून एखादा प्याला घ्यावा.

माझ्या मनात मात्र कॉफीपेक्षा अम्मांचे ते बोलणे अधिक रेंगाळले. आमच्या सरकारी मराठी शाळेचा पट वर्षागणिक घटतो आहे. कित्येक घरांत आई-वडील मराठी बोलतात आणि मुले दुसऱ्याच भाषेत उत्तर देतात. पाहिलेल्या गावाची चव जपणे सोपे. न पाहिलेल्या गावाची चव मुलाच्या हाती देणे कठीण. अम्मांनी मीठ कमी केले, लोणी कमी केले, पण दांडा लेकीच्या हाती दिला.

परतल्यावर सातवीच्या वर्गात मी विचारले, “सातूचे पीठ कोणी खाल्ले आहे?” बत्तिसांपैकी पाच हात वर झाले. पुढच्या शनिवारी त्या पाचांपैकी एकीच्या आजी शाळेत आल्या. सातू कसा भाजावा, कसा दळावा, हे त्यांनी मुलांना सांगितले. नंतर गूळ-दुधात कालवलेले पीठ प्रत्येकाच्या वाटीत आले. मुलांनी वाट्या पुसून खाल्ल्या, आणि दोघांनी घरी करण्यासाठी प्रमाण लिहून नेले.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा पदार्थ असेल. त्याचे प्रमाण जिच्या हातात आहे ती माउली घरात आहे, तोवर मुलांना तिच्याजवळ बसवून तो एकदा त्यांच्या हातून करवून घ्यावा, ही विनंती.