टायटनचा किनारा

शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन १६५५ साली ख्रिश्चन हायगेन्स यांना दिसला. परंतु दाट नारिंगी धुक्याखालची त्याची भूमी पुढे साडेतीन शतके अदृष्टच राहिली. १४ जानेवारी २००५ रोजी त्यांच्याच नावाचे यान हवाई छत्रीच्या आधारे सुमारे अडीच तास त्या धुक्यातून खाली उतरत गेले. एक संदेशवाहिनी चालू न झाल्याने निम्मी छायाचित्रे हरवली. सुमारे साडेतीनशे हाती आली.

त्यांत उजळ टेकड्या, फाटे फुटत उतरणारे काळे ओहोळ आणि पायथ्याशी काळेभोर मैदान दिसले. नदी, किनारा, समुद्र, असाच अर्थ मनात उभा राहावा! यान मात्र त्या 'समुद्रा'तच उतरले आणि बुडाले नाही. खाली ओलसर वाळूसारखी जमीन होती, भोवती गोलसर गोटे. उणे १७९ अंश सेल्सिअसला पाण्याचा बर्फच दगडाचे काम करतो. गोट्यांच्या कडा झिजलेल्या, म्हणजे कधीतरी द्रव वाहिला होता. पाणी नव्हे, मिथेन.

ओहोळ खरे, समुद्र नव्हे. मग टायटनवर समुद्रच नाही, असे म्हणावे काय? मूठभर वानगी पाहून भाव करणारा व्यापारीही ती कोणत्या पोत्यातली, हे आधी विचारतो. 'स्यात्' हा शब्द ज्या घरांत परिचित आहे, तेथे हे विधान सहज उमगावे: उतरल्या जागी, उतरल्या दिवशी, कोरडे. हायगेन्स विषुववृत्ताजवळ उतरले होते. २००६ साली कॅसिनी यानाच्या रडारला उत्तर ध्रुवाजवळ द्रव मिथेनची सरोवरे आढळली.