आजारी घरातील निरोगी मूल

घरातील वडीलधाऱ्या माणसाला फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान होते, तेव्हा कुटुंबाचे सारे लक्ष साहजिकच त्याच्या औषधपाण्याकडे वळते आणि त्याच्या अंथरुणाशेजारी महिनोन्‌महिने झोपलेले मूल, केवळ हसतेखेळते असल्यामुळे, कोणाच्या हिशेबात राहत नाही. मुलांना घरातील संसर्गापासून कसे जपावे, हा विषय गोवरापासून काविळीपर्यंत कितीही पसरविता येईल. येथे तो क्षयरोगापुरता घेतला आहे. आईवडील मुंबईत नोकरीला आणि नातवंडे गावी आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर, अशी रचना सिंधुदुर्गातील कितीतरी घरांत आजही आढळते आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या ओरोसला रुग्णाबरोबर तपासणीस येणारे नातेवाईक ताटवाटी वेगळी ठेवावी का, हे हटकून विचारतात; मुलाची तपासणी करावी का, हे मात्र क्वचितच विचारतात.

क्षयाचे जंतू ताटवाटीतून पसरत नाहीत. रुग्ण खोकतो तेव्हा उडणाऱ्या तुषारांतील पाणी क्षणात आटते आणि मागे उरलेले जंतुयुक्त कण, ज्यांना तुषारकेंद्रके म्हणतात व ज्यांचा व्यास 1 ते 5 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश इतकाच असतो, बंद खोलीत अगरबत्तीच्या धुराप्रमाणे तासन्‌तास तरंगत राहतात. बाल्टिमोर येथे 1950 च्या दशकात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळीवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यात सोडली आणि रुग्णाशी कसलाही स्पर्श न झालेल्या त्या प्राण्यांना लागण झाल्याचे दाखवून दिले. असे असूनही भांडी वेगळी करून रुग्णाला मात्र माजघरातच निजविण्याची पद्धत अजून मोडलेली नाही. कोकणातील जुन्या कौलारू घरात माजघर ही सर्वांत अंधारी आणि वारा न फिरणारी जागा असते, तर पडवी तीन बाजूंनी मोकळी असते. तेव्हा रुग्णाचे अंथरूण पडवीत हलविणे, त्याने तोंडावर मास्क किंवा निदान स्वच्छ पंचा बांधणे आणि मुलांना त्याच्या खोलीत न निजविणे, एवढ्या बिनखर्चाच्या गोष्टींनी वेगळ्या भांड्यांपेक्षा कितीतरी अधिक साधते. पावसाळ्यात झडीसाठी पडवीलाही झडपा लागतात आणि तोच काळ अधिक जपण्याचा असतो.

तथापि हे सारे उपाय निदानानंतरचे होत, आणि मुलाच्या दृष्टीने खरा धोका बहुतांशी निदानापूर्वीच घडून गेलेला असतो. आजोबांचा खोकला विडीचा आहे, हवा बदलल्याचा आहे, असे म्हणण्यात दोन-तीन महिने जातात आणि नातू त्या काळात त्यांच्याच गोधडीत झोपत असतो. या बाबतीतला सर्वांत मोलाचा पुरावा भारतातच, तत्कालीन मद्रासमध्ये मिळाला आणि त्याची महती सांगावी तितकी थोडी आहे. तेथील क्षयरोग औषधोपचार केंद्राने 1956 मध्ये शहरातील गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांतील सुमारे 200 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये, चांगल्या आहारासह व पूर्ण विश्रांतीत ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे घरी दिली. घरचा गट अन्नात आणि विश्रांतीत मागे असूनही गुण जवळजवळ सारखाच आला. सॅनेटोरियमची कल्पना त्या निष्कर्षाने जगभर मागे पडली, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु घरातील माणसांचा पुढे पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला, याचा उल्लेख फारसा होत नाही. रुग्ण घरातच राहिला म्हणून त्या घरातील मुलांमाणसांना क्षय अधिक झाला, असे आढळले नाही. अर्थ असा की ज्यांना लागण व्हायची त्यांना ती उपचार सुरू होण्याआधीच होऊन गेलेली होती आणि लागू पडणारे औषध नियमित पोटात गेल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता वेगाने ओसरत होती. साठ वर्षांहून जुना हा भारतीय पुरावा हाताशी असताना आजही अंथरुणाला खिळलेल्या आजीपासून नातवंडांना महिनोन्‌महिने तोडले जाते, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्याला क्लेश देणारी आहे. औषध लागू पडत असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर, साधारणतः पहिल्या काही आठवड्यांनंतर, मुलाने पडवीत आजीजवळ बसण्यास हरकत नसते.

याहून घातक रूढी म्हणजे निदान होताच मुलाला आजोळी धाडणे. लागण आधीच झालेली असेल तर ती मुलाबरोबर आजोळी जाते आणि मूल आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नजरेआड होते, एवढाच काय तो फरक. लागण म्हणजे आजार नव्हे. जंतू शरीरात शिरून सुप्तावस्थेत राहणे ही लागण, आणि ते वाढून लक्षणे दिसू लागणे हा आजार. मोठ्या माणसांत या दोहोंमध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात, लहान मुलांत मात्र बहुधा वर्षाच्या आतच निकाल लागतो. औषधे निघण्यापूर्वीच्या काळातील निरीक्षणांनुसार, लागण झालेल्या एक वर्षाखालील बाळांपैकी 30 ते 40 टक्क्यांना फुप्फुसाचा क्षय होत असे आणि 10 ते 20 टक्क्यांना मेंदूच्या आवरणाचा किंवा सर्वांगात पसरणारा क्षय. जन्मतः टोचलेली बी.सी.जी. लस या शेवटच्या दोन प्रकारांपासून बरेच संरक्षण देते, परंतु पूर्ण नव्हे.

म्हणून रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला, खोकला, ताप, वजन न वाढणे यांपैकी काही नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देण्याचे राष्ट्रीय धोरण आहे आणि 2021 पासून ते घरातील मोठ्यांनाही लागू करण्यात आले आहे. आयसोनियाझिड हे औषध मुलांना वजनाच्या दर किलोस 10 मिलिग्रॅम या प्रमाणात रोज, सहा महिने द्यावे लागते; दहा किलोच्या मुलास 100 मिलिग्रॅमची एक गोळी, कुस्करून चमचाभर पाण्यात, सकाळची पेज पिण्यापूर्वी. निरोगी मुलाला औषध कशाला, हा पालकांचा प्रश्न समजण्यासारखा आहे; डॉक्टरांपैकी काहींचा आक्षेप, की एकाच औषधाने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतील, हा मात्र गणिताने तपासून पाहावा. अशी दाद न देणारा जंतू निसर्गतः सुमारे दहा लाखांत एक आढळतो. आजारी फुप्फुसातील पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, म्हणून तेथे एकच औषध देणे हा अपराध ठरतो. सुप्त लागणीत ते इतके थोडे असतात की असा जंतू तेथे सापडण्याची शक्यताच नगण्य असते. आधी आजार नाही याची खात्री करण्याचा आग्रह याच गणितातून आलेला आहे. अलास्कात 1950 च्या दशकाच्या अखेरीस हेच औषध गावोगाव वाटणाऱ्या जॉर्ज कॉमस्टॉक यांनी ते स्वतः घेतले आणि आपल्या कुटुंबालाही दिले होते.

तरीही एक शंका उरते आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. 2014 ते 2016 मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्क्यांत आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू आढळले. आजोबांचे जंतू त्या जातीचे असतील तर नातवाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या वाया जाण्याचा संभव असतो. म्हणूनच रुग्णाच्या थुंकीची औषधप्रतिरोध चाचणी ही मुलाचीही चाचणी समजावी आणि तिचा अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा.

आहाराचा प्रश्न याला जोडूनच येतो. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा धान्य-डाळ पुरविल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून रुग्णाला मिळणारे साहाय्य नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये झाले आहे. घरातील मुलांच्या ताटाचा विचार त्यात वेगळा केलेला नाही, तो व्हायला हवा.

प्रतिबंधक औषधाचा सहा महिन्यांचा कालावधी या जिल्ह्यात हमखास तुटतो तो मे महिन्यात किंवा चतुर्थीनंतर, मुले आईवडिलांबरोबर मुंबईला जातात तेव्हा. अशा वेळी ‘निक्षय’ या क्षयरोगाच्या सरकारी नोंदप्रणालीतील मुलाची नोंद मुंबईतील आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घेता येते. त्यासाठी नोंदणी क्रमांक, औषध सुरू केल्याची तारीख आणि त्या दिवशीचे वजन लिहिलेला कागद सोबत न्यावा, शिल्लक गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि औषध पूर्ण झाल्यानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाची तपासणी करून घ्यावी.