मृताची उलटतपासणी

मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेण्याचा प्रसंग आमच्या वकिलीत एकदाच आला. चोर्ला घाटात एक मालमोटार रात्री दरीत गेली. चालक जागीच गेला. पाहणारे कोणी नव्हते. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली आणि आम्ही विमा कंपनीतर्फे उभे होतो. मोटारीच्या सांगाड्यावरून काही ठरेना, तेव्हा आम्ही त्या बाईंस विचारले, "निघण्यापूर्वी घरी भांडण झाले होते काय?" प्रश्न कायद्याला धरून होता. तेव्हा त्याची लाज वाटली नाही. पुढे मलेशियाच्या हरवलेल्या विमानाची चौकशी वाचताना वाटली.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. विमान वाटेतून मागे वळले आणि उपग्रहाकडे गेलेल्या संकेतांवरून ते दक्षिण हिंदी महासागरात संपले असे अनुमान निघाले. २०१५ साली रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा वाहत आला. वैमानिकांचे संभाषण टिपणारी पेटी मात्र सापडली नाही. यंत्र मुके राहिले की तपास माणसाकडे वळतो. आठवड्याभरात पोलीस दोन्ही वैमानिकांच्या घरी पोहोचले.

कप्तान ५३ वर्षांचे, अठरा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले; सहवैमानिक अवघा २७ वर्षांचा. त्यांची नावे जगजाहीर आहेत, तरी ती येथे लिहिण्यास आमचा हात धजत नाही. प्रकृती, पैसा, घरचे संबंध, सारे चाळले गेले. विमानतळावरील चित्रणात त्यांची चालचलणूकही न्याहाळली. (मालातील मँगोस्टीनची फळेही तपासली. हे फळ आपल्या कोकमाच्या जातकुळीतले.) कप्तानांच्या घरी उड्डाणाचा सराव करण्याचे यंत्र होते, त्यात दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारा एक मार्ग आढळला. ही गोष्ट लहान नव्हे, आणि ती झाकणारा वकील आपल्याच पक्षाचा घात करील. तथापि २०१८ च्या अहवालास कप्तानांच्या वागण्यात कसलाही बदल दिसला नाही, आणि विमान का गेले ते सांगता येत नाही असेच त्याने नमूद केले. लोकांनी मात्र निकाल कधीच देऊन टाकला होता.

अशी चौकशी करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान जाणूनबुजून आदळले. १५० जीव गेले. त्याच्या घरी डॉक्टरांनी दिलेले रजेचे दाखले फाडलेले मिळाले. परंतु कप्तानास बाहेर ठेवून दार आतून बंद केल्याचे तेथे ध्वनिमुद्रणाने आधी सांगितले. दाखले त्यामागून आले. पेटीच नसेल तर फाटका कागद पुरावा म्हणून उभा राहू पाहतो.

आरोपीने स्वतःच्या सचोटीचा पुरावा दिल्यावाचून त्याचे पूर्वीचे दुर्वर्तन फौजदारी खटल्यात ग्राह्य नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही आहे. जिवंत आरोपीस एवढे कवच मिळते. मृताचे वकीलपत्र कोणी घ्यावे?

त्या बाई म्हणाल्या होत्या, "झालं होतं साहेब. पण डबा घेऊन गेले होते ते." डब्याचे वाक्य टिपून घेतले जाऊ नये म्हणून आम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारला.