सहाणेवरचे वेढे

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून भुईगावच्या वाटेला लागले, की पहिला काही वेळ आपण मुंबईच्या कक्षेतून बाहेर पडलो आहोत यावर विश्वासच बसत नाही. इमारतींमागून इमारती, रिक्षांचे घोळके, दुकानांच्या पाट्या! मग कोठेतरी एका वळणावर केळीची पाने रस्त्यावर वाकून पाहू लागतात. कुंपणाआड भाजीचे वाफे दिसतात, पानवेलींचे मांडव दिसतात, एखाद्या घराच्या कडेला पांढरा क्रूस, एखाद्याच्या दाराशी तुळशीवृंदावन. अजून बुजवली न गेलेली बावखले हिरव्या पाण्याने भरलेली असतात. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वसईच्या वाड्यांना पाणी पुरवणारी आणि विहिरी गोड ठेवणारी ही खोदीव तळी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना येथल्या माणसांनी गोडे पाणी कसे राखले, हे त्यांच्यावरून कळते.

गावाच्या पश्चिमेला सुरूचे बन आणि त्यापलीकडे रुंद, सपाट किनारा. थंडीत परदेशी पाखरे येतात, आणि ती पाहायला दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी येतात. मी मात्र भुईगावला गेलो तो पाखरांसाठी नव्हे, तर औषधाच्या गोळीसाठी. गोळी आणायला नव्हे, समजून घ्यायला.

माझा एक जुना विद्यार्थी येथे राहतो. कुपारी कुटुंबातला, म्हणजे घरी सामवेदी बोली बोलणारा. बारावीला माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून तो रसायनशास्त्राची उदाहरणे सोडवीत असे. पुढे त्याने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली आणि आता वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो गोळ्या करतो. "सर, एकदा घरी या, गोळी कशी होते ते सांगतो," असे तो कितीतरी वर्षे म्हणत होता.

घरी पोहोचलो तेव्हा त्याची आई ओटीवर सहाण घेऊन बसली होती. दीड वर्षाच्या नातवासाठी गुटी उगाळणे चालले होते. मायफळाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरुडशेंगेचा एक, सुंठेचा अगदी पुसटसा. महाराष्ट्रात बाळगुटीचे माप हे असे वेढ्यांत मोजले जाते, गुंजेत नाही की थेंबांतही नाही. (तान्ह्या मुलाला पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, गुटीही नाही, असे आजचे डॉक्टर सांगतात आणि त्यांचे ऐकावे, हा नातू त्या वयाच्या पुढचा होता.) विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, आमचा सगळा कारखाना या एका वेढ्यासाठी उभा आहे."

मला अर्थ कळेना. त्याने तो उलगडला. सहाण नवी असली तर खरखरीत, जुनी असली तर गुळगुळीत. आजीचा हात जड, सुनेचा हलका. वेढा तोच, पण उतरणारे औषध निराळे. हळकुंडाच्या बाबतीत थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. पण थायरॉइडच्या औषधाचे उदाहरण घ्या. एका गोळीत खरे औषध ५० मायक्रोग्रॅम आणि गोळीचे वजन धरा १०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन हजार भागांत औषधाचा भाग एक! बाकीचे सारे दुग्धशर्करा, स्टार्च वगैरे निरुपद्रवी भर. आता असल्या लाखो गोळ्यांपैकी प्रत्येकीत तो एक भाग बरोबर पडला पाहिजे. पोत्यात चिमूट टाकून ढवळले तर तो कधीच पडणार नाही. म्हणून आधी औषधाइतकीच भर घेऊन ती मिसळायची, झालेल्या मिश्रणाइतकी पुन्हा भर घ्यायची, आणि असे दुपटीदुपटीने वाढवीत न्यायचे.

पुढची रीत ऐकताना मला आमच्या स्वयंपाकघराची फार आठवण झाली. पीठ नुसते साच्यात ओतले तर ते नीट वाहत नाही. कधी कमी भरते, कधी जास्त. म्हणून त्यात स्टार्चची खळ घालून ते ओलसर मळायचे, चाळणीतून दाबून त्याचा रवा पाडायचा, तो वाळवायचा, पुन्हा चाळायचा. लाडू वळताना हाताला तूप लावतात तसे साच्याला चिकटू नये म्हणून या रव्याला मॅग्नेशियम स्टिअरेट नावाचे गुळगुळीत चूर्ण चोळायचे. पण तेही बेतानेच! ते जास्त झाले किंवा फार वेळ घोळले, तर रव्याच्या कणांवर त्याचे असे आवरण बसते की पोटातले पाणी आत शिरेना होते. गोळी दिसायला देखणी आणि गुणाला दगड. मग हा रवा 'डाय' नावाच्या पोलादी भोकात पडतो आणि वरून-खालून दोन 'पंच' त्याला चेपतात. रवा फार कोरडा राहिला किंवा आत हवा कोंडली, तर गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटून येते.

ही चेपण्याची युक्ती कोणा वैद्याची नव्हे. विल्यम ब्रॉकेडन हा लंडनचा चित्रकार. पेन्सिलीचे शिसे चांगले मिळेना म्हणून त्याने शिशाची भुकटी साच्यात दाबण्याचे यंत्र काढले आणि १८४३ साली त्याचे पेटंट घेताना त्यात औषधाच्या गोळ्याही घातल्या. चित्रकाराच्या वैतागातून औषधाची टिकिया निघाली, ही गोष्ट मला तरी फार आवडली.

गोळीला मग दोन उलट्या परीक्षा द्याव्या लागतात. पहिलीत तिला फिरत्या पिंपात टाकून शंभर वेळा आपटतात; वजनात शेकडा एकाहून जास्त घट आली तर ती नापास. दुसरीत ३७ अंशांच्या पाण्यात खालीवर हलवतात. साध्या गोळीने पंधरा मिनिटांच्या आत विरघळून फुटले पाहिजे. खिशात फुटायचे नाही आणि पोटात फुटायचेच! शिवाय ४० अंश उष्णता आणि शेकडा ७५ आर्द्रता असलेल्या कपाटात तिला सहा महिने कोंडून ठेवतात. म्हणजे कोकणातला श्रावण, पण वैशाखाच्या उन्हासकट.

माझ्यातला मराठीचा मास्तर येथे जागा झाला. आयुर्वेदात औषध तयार करण्याच्या विद्येला 'भैषज्यकल्पना' म्हणतात. आपण कल्पना म्हटले की कवीकडे पाहतो. वैद्य खलबत्त्याकडे पाहतो. चूर्णात वनस्पतीचा रस घालून ते घोटण्याला त्यांच्याकडे 'भावना देणे' असा शब्द आहे. शार्ङ्गधराने तर आपल्या संहितेच्या मध्यमखंडाचे अध्यायच रोगांवरून न पाडता औषधाच्या रूपांवरून पाडले: स्वरस, काढा, चूर्ण, गुटी, अवलेह, आसव-अरिष्ट. आणि एखाद्यापुढे आपली 'मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हाही आपण नकळत वैद्याच्याच घरात असतो.

हे सारे मी रंगून सांगत असता विद्यार्थी एकदम गंभीर झाला. "सर, शब्द आहेत. पण ते पाकिटावर नाहीत." आणि त्याने आईकडे पाहिले.

गेल्या वर्षीची हकीकत. आईला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. गोळी जरा मोठी, आईचा घसा नाजूक. कोणाला न विचारता त्या माउलीने रोज सकाळी ती गोळी याच सहाणेवर उगाळायला आरंभ केला. मधाबरोबर चाटायची! चौथ्या की पाचव्या दिवशी विहिरीपाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खाली बसली. शेजारणीने धरले म्हणून बरे. एरवी विहिरीला कठडाही बेताचाच आहे. ती गोळी दिवसभर थोडेथोडे औषध सोडणारी होती. तिच्या अंगात असा चिकट पदार्थ कालवलेला असतो की पाणी लागले की तो फुगतो आणि औषधाला धरून ठेवून हळूहळू जाऊ देतो. उगाळल्यावर तो बांध फुटला आणि चोवीस तासांचे औषध एकदम रक्तात उतरले. ज्याचा मुलगा दिवसभर गोळ्या करतो, त्याच्या घरात हे घडले. "मी आईला गोळी आणून दिली, सर. ती कशी घ्यायची ते सांगायचे असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पाकिटावर एक ओळ होती. मुंगीएवढ्या इंग्रजीत."

औषधाचे रूप ही वरवरची बाब नाही, हे जगाला फार महागात कळले आहे. १९३७ साली अमेरिकेत एका सल्फा औषधाच्या गोळ्या उत्तम चालत होत्या. मुलांना गिळायला सोपे व्हावे म्हणून एका कंपनीने त्याचे गोड पातळ औषध केले आणि ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. औषध तेच, रूप बदलले, आणि शंभरावर माणसे दगावली. तेच विष १९८६ च्या आरंभी आमच्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आले. चौदा रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. एवढ्यावर ते संपावे! पण २०२५ साली खोकल्याच्या औषधातून ते पुन्हा निघाले आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची कोवळी मुले त्यात गेली. कारखान्यात येणाऱ्या ग्लिसरीनच्या वा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पिंपाची तपासणी करायची, एवढीच गोष्ट. विद्यार्थी म्हणाला की त्याच्या कारखान्यात पातळ औषधे होत नाहीत. तरी त्या बातमीनंतर त्याला काही रात्री झोप लागली नाही.

जेवणे झाल्यावर आम्ही घरातली सारी औषधे ओटीवर मांडली. मधोमध रेघ असलेली गोळी बहुधा अर्धी करता यावी म्हणून घडवलेली असते. पण अर्धी करता येते म्हणून ती कुटावी असे नव्हे. आम्लपित्ताची गोळी जठरातल्या आम्लाने मरू नये म्हणून तिला आतड्यात विरघळणारा लेप दिलेला असतो; ती चावली की लेप गेला आणि गुणही गेला. पाकिटावरच्या नावापुढे एस. आर., ई. आर., एक्स. एल. अशी अक्षरे असली तर बहुधा ती हळू सोडणारी. तो एकेक पाकीट उचलून सांगे आणि मी मराठी करी. 'विलंबित विमोचन' हा माझा पहिला प्रस्ताव आईने ऐकून घेतला आणि ती म्हणाली, "सर, असे लिहा की मला वाचता येईल."

शेवटी पाकिटांवर चिकटपट्ट्या लावून जाड अक्षरांत तीनच प्रकारचे शेरे लिहिले: 'अख्खी गिळ', 'अर्धी केली तरी चालेल' आणि 'डॉक्टरांना विचार'. रक्तदाबाची ती मोठी गोळी डॉक्टरांनी केव्हाच बदलून लहान दिली होती. जुन्या पाकिटातल्या चार गोळ्या मात्र आईने डब्यात जपून ठेवल्या होत्या. पैसे पडले आहेत, टाकायच्या कशा? मुलाने त्या काढून घेतल्या, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने सहाण धुतली आणि उन्हात उपडी घातली.