आड तुडुंब, पोहरा एवढासा

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. क्वांटम संगणकातल्या बिटाचं, म्हणजे क्यूबिटचं, गाऱ्हाणं नेमकं उलटं. आड काठोकाठ भरलेला, पोहऱ्यात येतं ते घोटभर.

क्यूबिटची अवस्था कोनांत सांगतात आणि कोनाच्या दशांशस्थळांना अंत नाही. अख्खी ज्ञानेश्वरी आकड्यांत मांडून एका कोनात कोंबावी म्हटलं तर कागदावर ती मावतेही! वाचायला गेलं की मात्र पदरात पडतं एकच उत्तर, शून्य किंवा एक. ३०० क्यूबिटांच्या वर्णनाला दृश्य विश्वातल्या अणूंहून जास्त आकडे लागतात. वाचून हाती येणार फार तर ३०० बिट. रशियन गणिती अलेक्झांडर होलेवो यांनी ही मर्यादा १९७३ मध्ये सिद्ध केली. ‘क्यूबिट’ हे नाव छापून यायला तेव्हा २० वर्षांहून जास्त अवकाश होता. बारशाआधीच कुंडली मांडून झाली म्हणायची.

पण या कंजूषपणातही एक गंमत आहे आणि मला तीच जास्त भावते. समजा, क्यूबिट म्हणून वापरलेल्या एकाच प्रकाशकणात दोन बिट ठेवायचे आहेत. कणाचं ध्रुवीकरण २२.५, ६७.५, ११२.५ किंवा १५७.५ अंशांवर ठेवायचं. दोन बिटांच्या चार जोड्यांना चार कोन. पहिला बिट हवा असेल तर गाळणी आडवी-उभी धरा, दुसरा हवा असेल तर ४५ अंशांनी तिरपी. कोणताही मागा, उत्तर बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. साध्या एका बिटात हीच कसरत केली तर ७५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. मात्र एक विचारला की दुसरा गेलाच, कारण मोजताना कणाचा मूळ कोनच पुसला जातो. एक संदेश वाचला की दुसरा नष्ट होतो, ही कल्पना स्टीफन वीझनर यांनी १९७०च्या आसपास लिहून ठेवली होती. तो लेख छापून यायला १९८३ उजाडलं. संपादक मंडळींचा हात आखडता असतो तो असा.

याच वीझनरांनी चार्ल्स बेनेट यांच्याबरोबर १९९२ मध्ये एक क्यूबिट पाठवून दोन बिट पोचवण्याची युक्ती मांडली. होलेवोंवर मात केली की काय? छे. पाठवलेला क्यूबिट ज्याच्याशी गुंतलेला (एंटँगल्ड) आहे, तो जोडीतला दुसरा क्यूबिट आधीच घेणाऱ्याच्या हाती असावा लागतो. लागले दोन क्यूबिट, मिळाले दोन बिट. तेव्हा एका क्यूबिटात अमर्याद माहिती साठते अशी बातमी वाचलीत, तर त्यातली बाहेर किती काढता येते, एवढं विचारा.