बॉस, रिंग कुठून टाकणार?

हल्ली कॉलेजात कॅन्टीन नसलं तरी चालेल, पण ई-सेल पाहिजेच! पिच कॉम्पिटिशन, बिझनेस प्लॅन, स्टेजवर सुटाबुटातले मेंटर... सगळं एकदम ग्लॅमरस. माझा मामेभाऊ याच माहोलात बीबीए झाला आणि त्यानं घरात जाहीर केलं, 'जॉब नाही, स्टार्टअप!' हॉस्टेलच्या मुलांना घरगुती डबे पुरवणारं अ‍ॅप. पाच वर्षांचं प्रोजेक्शन तयार. गिऱ्हाईक मात्र एकही नाही. आणि भांडवल? मामाच्या रिटायरमेंटचे पैसे. मामी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

मला आठवला तो हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंडचा रिंगांचा खेळ. समोर खुंटी, कितीही अंतरावरून रिंग टाका. काहीतरी करून दाखवायची जिद्द असलेला माणूस खुंटीला चिकटून उभा राहत नाही आणि उगाच लांबूनही नेम धरत नाही. जमेल, पण कस लागेल, असं मधलं अंतर तो निवडतो. ही वृत्ती शिकवता येते का, हे मॅक्लेलंडनी १९६०च्या दशकात चक्क आपल्या आंध्रातल्या काकीनाडात छोट्या व्यावसायिकांना ट्रेनिंग देऊन तपासलं. ट्रेनिंग घेतलेले नंतर धंद्यात जास्त धडपडताना दिसले.

त्याहून भन्नाट अभ्यास आफ्रिकेतल्या टोगोचा, २०१७ साली 'सायन्स'मध्ये आलेला. दीड हजार छोटे व्यावसायिक. काहींना हिशेब-मार्केटिंगचं नेहमीचं ट्रेनिंग, काहींना स्वतःहून पुढाकार घेण्याचं. पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. हिशेबवाल्यांच्यात ठोस म्हणावा असा फरकच नाही! अर्थात हे सगळे आधीच धंद्यात मुरलेले. ताज्या ग्रॅज्युएटला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण स्लाइड्सवर मार्क देणाऱ्या कॉलेजांनी ते वाचावं जरूर.

रविवारी हॉलमध्ये बाटली ठेवून भावाच्या हातात मामीच्या जुन्या बांगड्या दिल्या. पठ्ठ्या थेट दारात जाऊन उभा राहिला. सहाच्या सहा बाहेर!

'ताई, हा काय बालिशपणा?' तो वैतागला.

इतका वेळ पेपरात डोकं घातलेल्या मामानं विचारलं, 'किती पैसे बुडाले तर तुला रात्री झोप लागेल?'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'वीस हजार.'

वीस हजारांत अ‍ॅप होत नाही. डबे होतात. सोमवारपासून समोरच्या हॉस्टेलात चार डबे चाललेत, ऑर्डर फोनवर. भाजीत मीठ जास्त, ही पहिली कंप्लेंट आलीये.