समुद्रतळाचा सातबारा

बोरिवली पश्चिमेला एकसर गावात वीरगळ उभे आहेत. त्यांवर डोलकाठ्या दिसतात, वल्ह्यांच्या रांगा दिसतात, गलबतांवरून एकमेकांवर तुटून पडणारे सैनिक दिसतात. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक हे दगड जोडतात. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाला. सागरी पुरातत्त्व हा माझा विषय असल्याने कोणाला तिथे घेऊन गेले की ठरलेला प्रश्न येतो : ‘‘म्हणजे ती जहाजं गोराईच्या पुढंच कुठंतरी असतील ना? सोनंबिनं?’’

असतीलही. पण आपल्या उपनगरांच्या किनाऱ्याला पाण्यात हात लांब केला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. गाळ, गाळ आणि गाळ. सिनेमातला निळा तळ आणि उघडी पेटी इथे विसरायची. मी मात्र गाळाला शिव्या देत नाही. त्याच्या खोल थरांत प्राणवायू पोचत नाही, म्हणून लाकूड टिकले तर तिथेच टिकेल.

मुंबईहून निघालेला खराखुरा खजिना हाती लागला तो फार दूर. २० नोव्हेंबर १९४२ला ‘तिलावा’ ही बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेला जपानी पाणबुडीने ती बुडवली, २८० माणसे गेली. बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चांदीच्या २,३००हून जास्त विटा होत्या. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने त्या सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढल्या, इंग्लंडला नेल्या आणि मोबदला मागितला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२४मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एवढी वर्षे वकील भांडले ते चांदीवरून. त्याच तळाशी गेलेल्या माणसांचा तिथे प्रश्नच नव्हता.

मला विचाराल तर खरा ठेवा गोव्यात निघाला. मुरगाव बंदराबाहेर सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाला सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले : हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी, तोफा. सराफाला यात गम्य नाही. पण आफ्रिकेतले दात आणि चीनची भांडी एकाच जहाजावर सापडली, म्हणून त्या व्यापाराची साखळी दिसली. कोणी हौशी पाणबुड्याने त्यांतले एकेक उचलून दिवाणखान्यात मांडले असते, तर शोकेस तेवढे भरले असते.

आता कायदा. शेतात नांगराला हंडा लागला तर १८७८चा निखात निधी कायदा आहे. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. (दहा रुपये! आकडा अजून तोच आहे.) जुना मालक कोणी निघाला नाही, तर ज्याला ठेवा सापडला त्याला पाऊण वाटा आणि जमीनमालकाला पाव, अशीही त्यात सोय आहे. हवे तर सरकार किंमत मोजून ठेवा स्वतःकडे घेते. पण हा कायदा जमिनीत पुरलेल्या धनाचा. ओहोटीची रेषा ओलांडली की राज्यघटनेचे कलम २९७ उभे राहते : प्रादेशिक समुद्राच्या तळाशी असलेली मूल्यवान चीज केंद्र सरकारची. शिवाय १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू परस्पर परदेशी पाठवणे हा गुन्हा. शेतकऱ्याला वाटा मिळू शकतो. त्याच मोलाची वस्तू जाळ्यात आलेल्या कोळ्याच्या वाट्याला कागदपत्रे.

मढच्या एका नाखवाने मला बरणीचा गळा दाखवला. ट्रॉलच्या जाळ्यात आला होता. कालवांचे कवच बसलेले, आतून मधासारखी तपकिरी झिलई. त्याने तो बोंबलांशेजारी पत्र्यावर वाळत टाकला होता. आत मुरलेल्या मिठाचे स्फटिक झाले आणि झिलईचे पापुद्रे सुटू लागले. अशी वस्तू समुद्राच्याच पाण्यात, बादलीत ठेवायची असते. मग हळूहळू गोड्या पाण्यात, महिनोन्‌महिने. ‘‘ताई, पोलिसांत दिली तर पंचनामा, जबानी. बोट बांधून ठेवली तर? भरती काय थांबते का?’’ तो म्हणाला. बहुतेक जण अशी वस्तू सरळ पाण्यात परत टाकतात, हेही त्यानेच सांगितले.

मच्छीमार सोसायटीतच वस्तूची नोंद व्हावी, त्याच दिवशी पावती आणि रीतसर बक्षीस मिळावे, एवढे झाले तरी पुष्कळ. वर्सोव्याहून उत्तरेकडे किनारी रस्ता होऊ घातला आहे. त्याचे खांब उभे राहण्याआधी तळाचा सोनार यंत्राने नकाशा काढायला हवा.

तसा एक नकाशा नाखवांपाशी तयारच आहे. कुठे जाळे अडकते, फाटते, त्या जागांचे जीपीएसचे आकडे त्यांच्याकडे असतात, आणि ते कोणी सहजासहजी सांगत नाही, कारण बुडालेल्या जहाजाभोवती मासळी जमते. मी ते आकडे मागितले, तेव्हा त्याच नाखवाने विचारले, ‘‘उद्या तुम्ही तिथं संरक्षित म्हणून पाटी लावाल, मग आम्ही जाळं कुठं टाकायचं?’’ जागा संरक्षित झाली तर मासेमारीवर बंधन येऊ शकते, हे मी त्याला सांगितले. त्याने आकडे दिले नाहीत.